खर्जाची खोली

शरयूताई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. आधी नवऱ्याला, अनंतला, मग डॉक्टरांना, मग तिच्या मुंबईच्या माणसांना... तिच्या मोबाइलमधली नावं एकेक करून, वरून खाली. माझा आवाज अगदी सरळ होता, असं नंतर दोघातिघांनी सांगितलं. एकाने तर मला परत फोन करून विचारलं, की मघाशी तुम्ही जे म्हणालात ते खरं आहे ना. खरं होतं. बुधवारची दुपार होती. घरामागच्या तिच्या खोलीत ती काम करत बसायची आणि मी चार वाजता चहा घेऊन जायची. त्या दिवशी माझ्यासमोर नववीच्या चाचणीचे पेपर होते, निबंध तपासता तपासता साडेचार वाजले. त्या खोलीचं दार चार इंच जाड आहे, कडेने सगळीकडे रबर बसवलेलं, खांदा लावून ढकलावं लागतं. मी ढकललं. ती खुर्चीत बसली होती, मान थोडी डावीकडे, चष्मा जागेवर. पडद्यावर एक चित्र थांबलेलं होतं. मी कप ठेवला आणि "चहा" म्हटलं. मग पुन्हा एकदा म्हटलं. यंत्रांचे हिरवे दिवे चालू होते. ते आधी बंद करावेत की अनंतला हाक मारावी, हे मला काही क्षण ठरवता येईना.

आज सात आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. तसं आहे, एवढंच.

शरयूताई माझी नणंद, माझ्या नवऱ्याची, अनंतची, मोठी बहीण. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी तिला 'वन्सं' म्हणायला हवं होतं. तिची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात, आमच्या याच नारळी-पोफळीच्या वाडीत झाली. मांडवात दोन मोठे स्पीकर समोरासमोर लावले होते आणि भटजी काय म्हणतायत ते कुणालाच कळत नव्हतं, नुसता गोळा ऐकू येत होता. मुंबईहून आलेली नवऱ्याची बहीण साडीचा पदर खोचून थेट स्पीकरवाल्याकडे गेली, त्याच्याशी हळू काहीतरी बोलली, आणि दोघांनी मिळून एक स्पीकर उचलून दुसऱ्याशेजारी ठेवला, मग एक बटण थोडंसं मागे फिरवलं. मंगलाष्टकांतला शब्द न् शब्द ऐकू यायला लागला. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मला वन्सं म्हणालीस तर मी ओ देणार नाही." नुसतं नाव घेणं मला कधी जमलं नाही. म्हणून शरयूताई.

ती सिनेमांचं मिक्सिंग करायची. संवाद, संगीत, पावलं, वारा, रस्त्यावरच्या गाड्या हे सगळं वेगवेगळं ध्वनिमुद्रित केलेलं असतं. ते एकत्र आणून कुठला आवाज किती आणि कुठल्या बाजूने यावा हे ठरवायचं, असं ते काम. अलिबागच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकून ती मुंबईला गेली तेव्हा या धंद्यात बाई अशी नव्हतीच. पहिली दोन वर्षं स्टुडिओच्या दारावर तिला रोज विचारत, कुणाला भेटायचंय. ती सांगायची, "मलाच." पुढे माहितीपट मिळाले, मग मराठी सिनेमे. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आमच्याकडे ती कायमची राहायला आली ती सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात. सासूबाई गेल्या आणि ती परत गेली नाही. वाडीच्या मागच्या अंगाला चिऱ्याची एक खोली होती, त्यात सोललेले नारळ, माडाची झापं आणि बंद पडलेला पंप असायचा. रेवदंड्याहून टेम्पोने पेट्या आल्या, खोली रिकामी झाली. समोर तीन स्पीकर, मागे दोन, फार मोठे नव्हेत, आपल्या देवघराएवढे. आणि एक काळी, जड, ठोकळ्यासारखी पेटी, तिला समोरून एकच मोठं तोंड. "हा सबवूफर," ती म्हणाली. "खर्ज याच्याकडे. बाकी पाचांनी बोलायचं, गायचं. त्यांना न झेपणारं खालचं सगळं उचलून याच्याकडे पाठवायचं. आता याला जागा शोधायची. ते काम तुझं."

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिने ती पेटी चक्क स्वतःच्या खुर्चीत बसवली. मग खालून वर हळूहळू चढत जाणारा एक जाड सूर लावला आणि मला सांगितलं, गुडघ्यांवर बस आणि भिंतीच्या कडेने रांगत जा, कान जमिनीपासून फूटभर. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले होते, नाहीतर ती स्वतःच रांगली असती. मी शाळेत मराठी शिकवते. पंचेचाळिशीची बाई पदर कमरेला खोचून नणंदेच्या खोलीत रांगतेय, हे खिडकीतून बघून अनंत निघून गेला. पण रांगताना मला खरंच नवल वाटलं. सूर तोच, यंत्र तेच, पण कोपऱ्यात गेलं की तो एवढा फुगायचा की दात शिवशिवत, आणि तीन पावलं इकडे आलं की जवळजवळ नाहीसा व्हायचा. मी तिला विचारलं, मग खरा कुठला? "कुठलाच नाही," ती म्हणाली. "खर्जाची लाट खोलीपेक्षा लांब असते. ती भिंतीवर आपटते आणि परत येऊन स्वतःवरच पडते. कुठे दुप्पट होते, कुठे पुसली जाते. तू अशी जागा शोध जिथे कुठलाच सूर फुगत नाही आणि कुठलाच हरवत नाही. तुझा कान जिथे असेल तिथे ही पेटी ठेवायची. मग खुर्चीत बसून मला तेच ऐकू येईल." समोरच्या भिंतीशी, मधल्या स्पीकरच्या जरा उजवीकडे, तशी जागा सापडली. खडूने फुली मारली. माझे गुडघे दोन दिवस दुखत होते.

एवढा खटाटोप कशासाठी, ते तिने त्या दुपारी सांगितलं, स्टुलावर बसून, मी रांगत असताना. मुंबईत तिने स्वतंत्रपणे केलेला पहिलाच मोठा सिनेमा. ज्या खोलीत तिने काम केलं तिथे तिची खुर्ची नेमकी खर्ज पुसला जाणाऱ्या जागी होती, आणि हे तिला माहीत नव्हतं. सर्दी झालेली असताना आमटी करावी, चव लागत नाही म्हणून मीठ टाकत जावं, तसा ती खर्ज वाढवत गेली. पहिल्या खेळाला सगळे आले होते. शेवटी आई मरते आणि मुलीला काहीतरी सांगते, त्या जागी मागच्या समुद्राची अशी गडगड उठली की खुर्च्या थरथरल्या आणि आईचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. "मी खड्ड्यात बसून काम करत होते, वैजू," ती म्हणाली. "आणि खड्ड्यात बसलेल्याला खड्डा दिसत नाही." त्यानंतर दोन वर्षं तिला कुणी सिनेमा दिला नाही. ती नटी भेटली की तोंड फिरवायची. शरयूताईला ते वाक्य पाठ होतं. मला तिने ते म्हणून दाखवलं, अगदी हळू, नटीसारखं नाही, आपण कुणाला निरोप सांगतो तसं.

खोली सुरू होऊन सहा महिने झाले असतील. आमच्या दगडी गडग्यापलीकडे पांडूकाकांची वाडी. काकू अर्धांगाने पडून होत्या. एके दिवशी काका आले आणि पडवीच्या पायरीवर बसले. चहा नको म्हणाले.

"वैनी, आवाज येतो असं न्हाय म्हनत मी," ते म्हणाले. "आवाज न्हायच येत. पन भिंत घुमते. हिच्या उशाशी भांडं हाय, त्यातलं पानी हलतं."

शरयूताई तशीच उठून त्यांच्याबरोबर गेली. मला खोलीत बसवून फोनवरून सांगत होती, आता लाव, आता बंद कर. परत येऊन खुर्चीत बसली. मग म्हणाली, काकूंच्या उशामागच्या भिंतीला हात लावला तर तळहाताला कळत होतं. काकू तिला म्हणाल्या होत्या, "छातीत कोनी बोलतंय असं वाटतं गं बाय." अनंतने सुचवलं, दुपारचे दोन तास बंद ठेव, काकूंना झोपू दे, बाकी वेळ चालेल. ती म्हणाली, "त्यांना उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. मला येतं."

चार महिने तिने काम घेतलं नाही. खोलीच्या आत दुसरी खोली बांधली. बाहेरच्या भिंतीला कुठेही न टेकणारी आतली भिंत, मधे पोकळी, खाली रबराच्या गाद्यांवर ठेवलेली लाकडी जमीन, आणि ते जाड दार. सबवूफरची जागा पुन्हा शोधावी लागली, मी पुन्हा रांगले. या वेळी तिने दुसरा सबवूफर आणला आणि तो मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला. एक जिथे कमी पडेल तिथे दुसरा सांभाळतो, म्हणाली, म्हणजे दोघांनाही ओरडावं लागत नाही. सगळं झाल्यावर पांडूकाकांना त्यांच्या घरी काकूंच्या उशाशी बसवलं, पाण्याचं भांडं समोर. तिने होतं तेवढं सगळं लावलं. मी फोन कानाला धरून उभी. बऱ्याच वेळाने पलीकडून काका म्हणाले, "न्हाय हलत." संध्याकाळी शहाळ्यांचा घड आमच्या पायरीवर होता. काकू त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या, झोपेतच.

त्या खोलीतून काहीही बाहेर येत नव्हतं. आतून तिने कधी गंमत म्हणून हाक मारून बघितली तरी बाहेर मला ऐकू यायची नाही. आम्हाला तेव्हा याचा अभिमान वाटायचा.

चारच्या चहानंतर दहा मिनिटं मी तिथे बसायची. बाकी काही कळत नसलं तरी एक काम मला यायचं. सबवूफर आणि बाकीचे स्पीकर एकाच वेळी एकाच दिशेने ढकलतायत ना, हे बघायचं असतं. नाहीतर एक पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो आणि मधलाच सूर गळून पडतो. ती एक बटण इकडचं तिकडे करायची आणि विचारायची, "आता भरलेलं वाटतं की मघाशी?" मी सांगायची ते ती लिहून ठेवायची. एकदा मी म्हटलं, अहो, यंत्र आहे ना मोजायला, माझ्या सांगण्यावर कशाला जाता. "यंत्र आहेच," ती म्हणाली. "पण माझ्या कानाला काय ऐकायचंय ते आधीच ठाऊक असतं. तुला काही ठाऊक नसतं, म्हणून विचारते." एवढी मोठी पदवी मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिली नाही.

डॉक्टर त्या दिवशी लगेच आले. हृदयविकाराचा झटका, म्हणाले. दहाव्याला घाटावरून परतल्यावर पांडूकाका आले, त्याच पायरीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी तोंड उघडलं नसतं तर त्या भिंती झाल्या नसत्या," ते म्हणाले. "बायनं हाक मारली असंल, वैनी. कोनाला ऐकू आली न्हाय." मी म्हटलं, काका, डॉक्टर म्हणाले सगळं एका क्षणात झालं. हाक मारायला वेळच नव्हता. "व्हय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते उठले, टोपी घातली, गेले. डॉक्टरांचं वाक्य होतं, 'बहुधा एका क्षणात झालं असावं.' बहुधा आणि असावं हे दोन्ही शब्द मी त्यांना सांगितले नाहीत. मी भाषेची शिक्षिका आहे, मी काय गाळलं ते मला कळत होतं.

नसरीन आली ती तिसऱ्या आठवड्यात. मुंबईत बारा वर्षं ताईबरोबर काम केलेली, मूळची मुरूडची. अर्धवट राहिलेला सिनेमा पुरा करायला तिला पाठवलं होतं. आल्याबरोबर तिने सगळ्यांना भेटून घेतलं, मग दार उघडून आत गेली. मला म्हणाली, वहिनी, तुम्ही पण बसा. मी मागच्या बाकावर बसले. सिनेमाच्या शेवटी माणगावच्या स्टँडवर एक बाई मुलीला एसटीत बसवून देते, एवढंच आहे. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं, हा शेवटचा भाग ताईचा करायचाच राहिला. मोठ्या हादऱ्यांसाठी, म्हणजे स्फोट, गडगडाट अशांसाठी, आवाजाची एक वेगळी पट्टी, ट्रॅक, असते. ती पूर्ण कोरी होती. त्यांना तिथे एक दणका हवा होता.

नसरीनने पट्टी बघितली. "कोरी आहे खरंच," ती म्हणाली. "वहिनी, दीदीचं राहिलं असेल की मुद्दाम सोडलं असेल? तुम्हाला काही बोलली होती?" मला काही बोलली नव्हती. नसरीनने बाकी सगळे स्पीकर बंद केले, फक्त दोन सबवूफर ठेवले आणि चित्र चालू केलं. मी उठून समोरच्या पेटीवर हात ठेवला. पेटी हलत होती, अगदी बारीक. "कोरी असेल तर हे काय येतंय?" मी विचारलं.

नसरीनने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "बाकीच्या पाचांचं खालचं येतंय," ती म्हणाली. "ती पट्टी वेगळी आणि सबवूफर वेगळा. दीदी पहिल्या दिवसापासून हेच शिकवत होती, आणि मीच चुकले." उभ्या एसटीचं इंजिन होतं ते. चालू ठेवलेलं, न निघालेलं. दणका नव्हता, पण बाई आणि मुलगी एकमेकींशी बोलत नाहीत तेवढा सगळा वेळ ते खाली होतं, आणि गाडी वळणावर गेल्यावर ते आपोआप संपत होतं. नसरीनने पाचही स्पीकर परत लावून तो भाग तीनदा ऐकला. "पूर्ण आहे," ती म्हणाली. "याला हात लावायचा नाही." मग तिने तसं दिग्दर्शकाला फोन करून सांगितलं. ते वाद घालत होते, ती ऐकून घेत होती आणि नाही म्हणत होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी तो एका थिएटरात लावून बघितला आणि मला फोन केला. म्हणाले, तसंच राहू दे.

फाइल बंद करताना नसरीन म्हणाली, "शेवटचं सेव्ह तीन बावन्नचं आहे," आणि म्हणता म्हणता थांबली. मी तिला म्हटलं, चहा ठेवते.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी ती होती. तिचं काम पुरं झालं होतं आणि ती चहाची वाट बघत असणार. मी साडेचारला गेले. मधली अडतीस मिनिटं मी 'माझा आवडता ऋतू' या विषयावरचे निबंध तपासत होते, एकाच्या र्‍हस्व-दीर्घाला चार ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या. हे मी अनंतला सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला की तो वाचेल, तेव्हा त्याला कळेल. समोर बसून सांगणं मला जमलं नाही.

खोली आहे तशीच आहे. अनंत तिचं काय करायचं ते विचारत नाही. त्याने फक्त दाराला एक चिरा लावून ठेवलाय, दार मिटू नये म्हणून. सुपारी फोडायला येणाऱ्या बायका आत डोकावतात आणि जातात.

तिची एक सवय मात्र सांगायला हवी. कुठल्याही नव्या खोलीत शिरली की ती ओठ मिटून अगदी खालच्या सुरात गुणगुणायची, मग सूर हळूहळू वर सरकवत न्यायची. एका ठिकाणी खोली एकदम भरून यायची, जणू तीही सूर धरतेय. तो त्या खोलीचा सूर. दवाखान्यात, बँकेत, नातेवाइकांच्या बाथरूममध्ये, कुठेही. पालीला बल्लाळेश्वराच्या मंडपात तिने हे केलं तेव्हा शेजारच्या आजोबांना तो ओंकार वाटला आणि त्यांनी डोळे मिटून तिच्यात सूर मिसळला. मी लाजेने खांबाआड गेले होते.

परवा मृत्यूच्या दाखल्यासाठी मी ग्रामपंचायतीत गेले. एकटीच होते. कारकून रजिस्टर चाळत होता, मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. थोड्या वेळाने एक बारीक खडखड ऐकू आली. त्याच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटाचं दार वाजत होतं. मी गप्प झाले तशी खडखड थांबली. तेव्हा मला कळलं, की इतका वेळ मी गुणगुणत होते.

कारकुनाने मान वर केली. "काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुमच्या कपाटाचं दार सैल आहे."

तो उठला. टेबलावरचा एक रद्दी कागद घेऊन त्याने चार घड्या घातल्या, तो दाराच्या फटीत सारला आणि हाताने दाबून बघितलं. मग परत येऊन बसला, पेनाचं टोपण काढलं आणि तिचं नाव लिहायला लागला.